तेलाची पळी आणि उष्मांकांचा ताळा

भुसावळकडून खंडव्याकडे जाणाऱ्या आगगाडीतून जो प्रवासी बुऱ्हाणपूरच्या स्थानकावर उतरतो तो वस्तुतः लालबागेत उतरतो, आणि तापीकाठचे तटबंदीचे जुने शहर गाठावयास त्याला तेथून आणखी कोस-दीड कोस वाट तुडवावी लागते. मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचे ठाणे बुऱ्हाणपुरात होते त्या काळी येथे खरोखरीची बाग होती. सुभेदार अब्दुल रहीम खानखानान याने १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालील बोगद्यातून आणि शंभराहून अधिक कुंड्यांच्या मालिकेतून ज्या योजनेने खेळवले, तो कुंडी भंडारा याच लालबागेच्या शिवारात आजही पाहावयास मिळतो. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी या भागात कापडाची गिरणी उभी राहिली. बुऱ्हाणपूर ताप्ती मिल या नावाने ती ओळखली जाऊ लागली, १९७४ च्या राष्ट्रीयीकरणाने सरकारच्या ताब्यात गेली आणि २०२० च्या टाळेबंदीत तिची यंत्रे थांबली.

आहारशास्त्राच्या पुस्तकात हा इतिहास-भूगोल कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, वजन उतरविण्याचा विचार करताना आपण माणसाचे ताट जणू कालच आकाशातून पडले आहे अशा समजुतीने त्याची झडती घेतो, आणि हे ताट कोणत्या श्रमांच्या मापाने घडले होते याची चौकशीच करीत नाही. बारा-बारा कोस पायी जाणारा विणकर, आठ तास उभ्याने साच्यापुढे राबणारा गिरणी कामगार, कापसाच्या आणि केळीच्या मळ्यात वाकून काम करणारी शेतमजूर स्त्री, यांच्यासाठी जे अन्न सिद्ध झाले तेच अन्न, तीच पळी आणि तोच आग्रह घेऊन त्यांची नातवंडे आज दुकानाच्या गल्ल्यावर, कचेरीच्या खुर्चीवर आणि फटफटीच्या बैठकीवर बसली आहेत. श्रम निघून गेले, ताट मात्र जागच्या जागी राहिले. लालबागेत हे स्थित्यंतर एका माणसाच्या हयातीत पाहावयास मिळते, म्हणून या प्रकरणासाठी मी ती निवडली.

श्रमांतील हा फरक किती, हे आकड्यांत पाहणे बरे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींप्रमाणे ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसास २११० किलोकॅलरी, म्हणजे आपल्या रूढ भाषेत तितके उष्मांक, पुरतात. मध्यम श्रम करणाऱ्यास २७१० लागतात आणि कठोर श्रम करणाऱ्यास ३४७०. स्त्रियांसाठी, ५५ किलो वजन गृहीत धरून, हेच आकडे १६६०, २१३० आणि २७२० असे आहेत. अवजड काम करणारा बाप आणि गल्ल्यावर बसणारा मुलगा यांच्या गरजांत साडेतेराशे उष्मांकांची तफावत पडते, आणि ही तफावत म्हणजे एका पूर्ण जेवणाहून कितीतरी अधिक होय. मुलगा बापाइतकाच जेवत राहिला तर त्याचे काय होईल हे सांगावयास ज्योतिषी नको. याच शिफारशींत वरून घातलेल्या तेलातुपाचे प्रमाणही सांगितले आहे: कठोर श्रमाच्या पुरुषास ४० ग्रॅम, बैठ्या पुरुषास २५, स्त्रियांस अनुक्रमे ३० आणि २०. वरून घातलेले असे मुद्दाम म्हणावयाचे, कारण धान्यात, डाळीत, दुधात आणि शेंगदाण्यात जो स्निग्धांश मुळातच दडलेला असतो तो या हिशेबाबाहेरचा आहे.

उष्मांक हे परिमाण अन्नाला लागू झाले त्याला आता सव्वाशे वर्षे उलटून गेली. जर्मनीत मॅक्स रुब्नर याने कुत्र्याला उष्णतामापक कोठडीत ठेवून, त्याच्या शरीराने बाहेर टाकलेली उष्णता आणि त्याने पचविलेल्या अन्नाची ऊर्जा यांचा मेळ बसतो हे दाखविले. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर याने तशीच कोठडी माणसांसाठी उभारली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अनेक अन्नपदार्थांची मोजदाद केली. त्यातून जे स्थूल कोष्टक हाती आले ते आजही सर्वत्र चालते: एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर ४ उष्मांक देते, एक ग्रॅम प्रथिनेही ४, आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९. आपल्याकडे हे काम निलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेत झाले. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेतून वॉलेस एक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नांची कोष्टके प्रसिद्ध केली. पुढे या प्रयोगशाळेची सूत्रे विनायक नारायण पटवर्धन या महाराष्ट्रीय शास्त्रज्ञाकडे आली, आणि १९५८ मध्ये ती कुन्नूरहून हैदराबादेस हलली. ज्वारी, तूर, वांगे, केळे यांचे जे आकडे या प्रकरणात येतील त्यांचे मूळ दप्तर ते.

या कोष्टकातील नऊ हा आकडा वाचकाने नीट ध्यानी धरावा, कारण पुढचा सारा मजकूर त्याच्याभोवती फिरणार आहे. तेल हे अत्यंत थोड्या जागेत अतिशय पुष्कळ ऊर्जा साठविणारे द्रव्य आहे. निसर्गाने बियांच्या पोटात ते भरले ते याच गुणासाठी, आणि मेहनती माणसाने आपल्या भाकरीला त्याची जोड दिली तीही याच गुणासाठी. ज्याला दिवसास साडेतीन हजार उष्मांक हवेत त्याने ते निव्वळ भाकरीतून मिळवावयाचे म्हटले तर वीस-बावीस भाकरी खाव्या लागतील. तेलाच्या दोन पळ्यांनी त्यांतल्या जवळजवळ दोन कमी होतात. म्हणजे तर्रीचा झणझणीत रस्सा हा खानदेश-निमाडातल्या कष्टकऱ्याचा निव्वळ चोचला नव्हता, त्यात व्यवहार होता. आज मात्र तोच गुण बैठ्या माणसाच्या मुळावर येतो, कारण तेलाने ताट मोठे दिसत नाही, पोट तितक्या प्रमाणात भरत नाही, आणि ऊर्जा तेवढी गुपचूप आत शिरते.

बुऱ्हाणपूर जिल्हा केळीचा. शंभर ग्रॅम पिकल्या केळ्याच्या गरात सुमारे शंभर उष्मांक आणि अर्ध्या ग्रॅमहूनही कमी स्निग्धांश असतो. याच केळीचे कच्चे फळ किसून तळले की त्यातले पाणी उडून जाते, त्या जागी तेल बसते, आणि शंभर ग्रॅम वेफर्सचे उष्मांक पाचशेच्या वर जातात, ज्यांतले जवळजवळ तीनशे एकट्या तेलाचे असतात. शंभर ग्रॅम केळे खाऊन माणूस थांबतो. वेफर्सची पुडी फोडल्यावर थांबणे हा ज्याच्या त्याच्या पुण्याईचा प्रश्न आहे. वांग्याच्या भरताची कथाही अशीच. पऱ्हाट्यांच्या आगीवर भाजलेले दोनशे ग्रॅम वांगे अवघे पन्नास उष्मांक देते आणि त्यावर दोन पळ्यांची, म्हणजे तीसेक ग्रॅम तेलाची फोडणी पडली की ती फोडणी एकटी २७० उष्मांक घेऊन येते. मग भरत खाऊनही वजन कसे वाढते, असा तक्रारीचा सूर लावणारा वांग्याकडे बोट दाखवितो, पळीकडे नाही. शहरात उलट्या कढईवर भाजले जाणारे मोठे, पातळ मांडे स्वतः फारसे तेल खात नाहीत. ते ज्या रश्श्यात बुडतात त्याच्या तवंगाची चौकशी करावयास हवी.

शरीरही स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत काहीसे पक्षपाती आहे. अन्न पचविण्यास आणि मुरविण्यास शरीराला स्वतःची ऊर्जा खर्चावी लागते. प्रथिनांच्या बाबतीत ही खर्चाची रक्कम त्यांनी दिलेल्या ऊर्जेच्या वीस ते तीस टक्के असते, पिष्टमय पदार्थांच्या बाबतीत पाच ते दहा, आणि स्निग्ध पदार्थांच्या बाबतीत शून्य ते तीन. आहारातला स्निग्धांश अंगावरच्या मेदात जमा करणे हे शरीराला सर्वांत स्वस्त पडते.

येथवर वाचून जर कोणी तेलाची बरणी उचलून माळ्यावर टाकण्याच्या तजविजीत असेल तर त्याने जरा थांबावे. तेल नेमके किती जाते हे त्याने आधी मोजावे; आणि ते मोजण्याची एक रीत अशी आहे की तिला तराजू लागत नाही, फक्त वाण्याचे बिल लागते. चार प्रौढ माणसांचे घर आहे, दोन पुरुष आणि दोन स्त्रिया, सर्व बैठ्या कामाची, आणि महिन्यास पाच लिटरचा एक कॅन संपतो असे धरू. तेल पाण्याहून हलके असल्याने पाच लिटर तेलाचे वजन साडेचार किलोहून किंचित अधिक भरते. तीस दिवसांनी भागले तर दिवसास १५० ग्रॅमच्या आसपास, आणि चौघांत वाटले तर प्रत्येकी ३८ ग्रॅम. हे प्रमाण जवळपास कठोर श्रम करणाऱ्या पुरुषाचे झाले. पोषण संस्थेच्या मापाने या घराला दिवसास दोन पुरुषांचे ५० आणि दोन स्त्रियांचे ४० मिळून ९० ग्रॅम पुरावे, म्हणजे महिन्यास सुमारे तीन लिटर; आणि त्या तीन लिटरांतच वाटीतले तूप आणि पोळीवरचे लोणीही समाविष्ट आहे, ते वेगळ्या खात्यावर टाकण्याची सवलत नाही. उरलेल्या दोन लिटरांचा वाटा माणशी दिवसाला १४० उष्मांकांच्या घरात जातो, आणि महिनाभराचे हे अधिक उष्मांक कागदावर अर्ध्या किलो मेदाची किंमत भरतात, कारण एक किलो शारीरिक मेदात साधारणतः ७७०० उष्मांक साठलेले असतात असे धरण्याचा शिरस्ता आहे. बाहेरची कचोरी, शेव, फरसाण आणि लग्नसराईच्या पंगती यांचे तेल वाण्याच्या या बिलात येत नाही, हे सुज्ञास सांगणे न लगे.

स्वयंपाकघरातल्या ज्या माउलीच्या हातात पळी असते तिला हा हिशेब पटविणे मात्र सोपे नाही. आपल्याकडे तेलावरून पाहुणचार जोखला जातो. शेवभाजीवर बोटभर तर्री दिसली नाही तर घर कंजूष ठरते, आणि कंजूष ठरण्यापेक्षा लठ्ठ होणे आपल्या समाजाने नेहमीच पत्करले आहे. तरीही काही युक्त्या अशा आहेत की त्यांनी अब्रूही राहते आणि पळीही आवरते. फोडणीचे तेल बाटलीतून थेट कढईत न ओतता चमच्याने घालावे. सपाट भरलेला चहाचा चमचा पाच ग्रॅमांचा, म्हणजे ४५ उष्मांकांचा. रस्सा शिजल्यावर वर आलेली तर्री पळीने काढून वाटीत ठेवावी आणि ज्याला हवी त्याने मागून घ्यावी. मागून घेणारे थोडे निघतात. वरण-बट्टीच्या बेतात बट्टी तुपात बुडवून काढण्याऐवजी फोडून तिच्यावर चमचाभर तूप सोडले तरी चव राहते. कणकेत घातलेले मोहन कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, म्हणून तेही चमच्यानेच मोजलेले बरे.

आता दुसरी बाजू. वजन घटविण्यासाठी स्निग्ध पदार्थच तोडले पाहिजेत, की पिष्टमय पदार्थ तोडले तरी चालतात, हा वाद पाश्चात्त्य देशांत अर्धे शतक गाजला, आणि त्या वादाचा निकाल दोन्ही पक्षांना थोडासा निराश करणारा लागला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ८११ स्थूल स्त्रीपुरुषांना चार प्रकारचे आहार दोन वर्षे दिले गेले, ज्यांत स्निग्ध पदार्थांचा वाटा कोठे २० टक्के तर कोठे ४० टक्के होता. वजनातली घट सर्व गटांत जवळपास सारखी निघाली. २०१८ साली स्टॅनफर्डमध्ये ख्रिस्तोफर गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०९ लोकांवर वर्षभर केलेल्या चाचणीत कमी स्निग्धांशाच्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी आणि कमी पिष्टाच्या गटाचे ६ किलोंनी उतरले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक म्हणण्याजोगा नव्हता. केव्हिन हॉल यांनी २०१५ मध्ये १९ स्थूल व्यक्तींना बंदिस्त प्रयोगगृहात ठेवून अतिशय बारीक मोजमाप केले तेव्हा, सारखेच उष्मांक कापले असता, स्निग्ध पदार्थ कापणाऱ्यांचा शारीरिक मेद दिवसास ८९ ग्रॅम आणि पिष्ट कापणाऱ्यांचा ५३ ग्रॅम घटला; पण हा प्रयोग सहा-सहा दिवसांचा होता, आणि घरी राहून वर्षभर जगणाऱ्या माणसांत ही आघाडी टिकून राहिल्याचे दिसत नाही. या साऱ्याचा निष्कर्ष मी असा काढतो की, वजनाचा निवाडा एकूण उष्मांक करतात, आणि स्निग्ध पदार्थांचे महत्त्व हे की त्यांच्यामुळे हे उष्मांक नकळत वाढतात व त्यांना आवरले की सहज कमी होतात.

महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोचविलेली दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत, जिचे मूळ ते डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारात दाखवितात, खानदेशाच्या सीमा ओलांडून बुऱ्हाणपूरच्या मराठी घरांतही चर्चिली गेली. दीक्षितांचे प्रतिपादन इन्शुलिनच्या स्रावावर उभे आहे. माझ्या मते ज्यांचे वजन या पद्धतीने उतरते त्यांच्या बाबतीत मधल्या वेळची बिस्किटे, चहाची साखर आणि फरसाणाचे बकाणे बंद पडल्याने जे तीन-चारशे उष्मांक गळतात त्यांना मोठे श्रेय द्यावयास हवे. आणि ज्यांचे उतरत नाही ते बहुधा दोन जेवणांत चार जेवणांचे तेल रिचवितात. मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने मात्र जेवणाच्या वेळा वैद्याला विचारल्यावाचून बदलू नयेत, कारण तेथे रक्तातली साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो.

स्निग्ध पदार्थांना सरसकट हद्दपार करणाऱ्यांची फजिती कशी होते हे अमेरिकेने गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत दाखविले. बाजारात चरबीमुक्त बिस्किटे आणि केक आले, लोकांनी ते निर्धास्तपणे खाल्ले, आणि काढलेल्या स्निग्धांशाच्या जागी जी साखर व मैदा भरला होता त्याचे उष्मांक कोणी मोजले नाहीत. आपल्याकडे हीच चूक वेगळ्या वेषात होते. बुऱ्हाणपूरची माव्याची जिलेबी प्रसिद्ध आहे. तुपाची म्हणून तिला नाकारून जो बिनतुपाच्या रसगुल्ल्यांवर ताव मारतो त्याने पाकाचे उष्मांक जमेस धरलेले नसतात. दराबा हा तेथला दुसरा जिन्नस. भाजलेला रवा, साखर आणि घोटून घोटून पांढरेशुभ्र, हलके केलेले तूप यांचा हा प्रकार जिभेवर इतका अलगद विरघळतो की तो जड आहे असे कोणी शपथेवर सांगूनही पटत नाही. त्याचा तिसरा हिस्सा तूप आहे असे जरी धरले तरी तीस ग्रॅमांच्या एका लहान वाट्यात तुपाचे ९० आणि रवा-साखरेचे ऐंशीच्या आसपास, मिळून १७० उष्मांक होतात. घोटल्याने त्यात हवा शिरते, ऊर्जा बाहेर जात नाही.

शिवाय स्निग्ध पदार्थांवाचून शरीराचे चालत नाही. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने १९२९ मध्ये उंदरांचा स्निग्धांश पूर्ण तोडून दाखविले की त्यांची वाढ खुंटते आणि कातडी खवल्यांची होते. लिनोलेइक आम्लासारखी काही मेदाम्ले शरीराला स्वतः बनविता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाच्या आधाराने शोषली जातात. पालकाच्या भाजीतील कॅरोटीन बिनफोडणीच्या भाजीतून पुरेसे अंगी लागत नाही. अत्यल्प स्निग्धांशाच्या आहारावर झपाट्याने वजन उतरविणाऱ्यांत पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाण वाढते, कारण पित्ताशय रिकामे होण्यास स्निग्ध अन्नाची हाक लागते. आणि कोरड्या जेवणाने रसना रुसते, तिसऱ्या दिवशी संयम सुटतो, हा तर शास्त्राच्या आधारावाचून सर्वांस ठाऊक असलेला भाग आहे.

तेल कोणते, हा प्रश्न वजनापुरता गौण आहे. शेंगदाण्याचे, सरकीचे, सूर्यफुलाचे वा तूप, सर्वांचे ग्रॅमी नऊच. हृदयाच्या दृष्टीने मात्र भेद पडतो. शेंगदाण्याच्या तेलात जवळजवळ अर्धा भाग ओलेइक आम्लाचा असतो. सरकीचे तेल, जे कापसाच्या या मुलखात जिनिंगच्या धंद्याबरोबर आपोआपच आले, निम्म्याहून थोडे अधिक लिनोलेइक आणि सुमारे पाव हिस्सा संपृक्त असते. कच्च्या सरकीतील गॉसिपॉल हे विषारी द्रव्य शुद्धीकरणात काढून टाकावे लागते, तेव्हा ते शुद्ध केलेलेच वापरावे. तुपात संपृक्त मेदाम्ले साठ टक्क्यांच्या वर, म्हणून ते चमच्याने मोजण्याची वस्तू. १९३७ मध्ये डालडाच्या रूपाने घरोघर शिरलेले वनस्पती तूप हे या सर्वांत हलक्या प्रतीचे. त्यातील ट्रान्स मेदाम्लांवर सरकारने जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली, हे उशिरा का होईना, योग्य झाले. तळणीचे तेच ते तेल पुन्हा पुन्हा तापविणाऱ्या हातगाड्यांपुढे कोणत्याही तेलाच्या गुणांचे वर्णन व्यर्थ आहे.

अंगकाठीने सडसडीत आहोत म्हणून आपणांस ही चर्चा लागू नाही, असे मानणाऱ्यांसाठी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम महत्त्वाचे आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचेच छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले; उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही, वजनाने किरकोळ असूनही, मेदाचा वाटा तुलनेने अधिक असल्याचे याज्ञिकांच्या चमूने दाखविले. म्हणून आपल्याकडे हा निर्देशांक २३ च्या वर गेला की वजन अधिक मानतात, २५ च्या वर स्थूलता. आणि शिंप्याची टेप तर वजनकाट्याहून खरे बोलते: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी.

उष्मांक कमी केले की वजन उतरते, परंतु ते गणिताच्या सरळ रेषेत उतरत नाही, आणि याच ठिकाणी पुष्कळांचा धीर सुटतो. लालबागेतील एखाद्या कुंडीची कल्पना करावी: तिच्यात झिरपणारे पाणी कमी झाले म्हणून ती कोरडी पडत नाही, पातळी उतरते, पातळी उतरल्याने पुढच्या कुंडीकडे जाणारा ओघही मंदावतो, आणि एका नव्या, खालच्या पातळीवर येणारे आणि जाणारे पाणी पुन्हा सारखे होते. शरीराचेही तसेच. वजन घटले की ते वजन वागविण्याचा खर्च घटतो, त्याखेरीज शरीर आपणहूनही काही काटकसर करते. म्हणून पहिल्या दोन महिन्यांत चार किलो उतरविणाऱ्याला पुढच्या दोन महिन्यांत दोनच किलो उतरले तर त्यात त्याचा काही अपराध नसतो. पहिल्या आठवड्यात जी झपाट्याची घट दिसते तिच्यात पाण्याचा वाटा मोठा असतो हेही सांगून ठेवतो, कारण त्या आठवड्याच्या आनंदाने जे पेढे वाटले जातात ते बहुधा खव्याचे असतात.

आता सत्तर किलोच्या आसपास वजन असलेल्या, बैठे काम करणाऱ्या एखाद्या लालबागकर गृहिणीचा एक दिवस मांडून पाहू. तिचा दिवसाचा खर्च साधारण साडेअठराशे उष्मांकांचा धरला आणि त्यातून साडेतीनशे वजा केले तर दीड हजार उरतात. सकाळ-दुपारच्या दोन कप चहाचे, कपास एक चमचा साखर धरून, शंभर. न्याहारीला चाळीस ग्रॅम पोहे, चमचाभर तेलाची फोडणी आणि थोडे शेंगदाणे, मिळून २१५. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी ३००, चाळीस ग्रॅम तुरीच्या डाळीचे वरण १३५, वांग्याचे भरत चमचाभर तेलासह ८५ आणि पेलाभर ताक ४०. तिसऱ्या प्रहरी एक केळे १०० आणि मूठभर फुटाणे ७५. रात्री एक पोळी १३५, मोड आलेल्या चाळीस ग्रॅम मुगांची उसळ १३५, पालेभाजी २५, या दोन्हींची मिळून चमचाभर तेलाची फोडणी ४५, आणि वाटीभर दही ६०. बेरीज १४५० होते. वरून घातलेले तेल आतापर्यंत तीन चमचे, म्हणजे १५ ग्रॅम झाले. स्त्रीसाठी सांगितलेल्या वीस ग्रॅमांतले पाच अजून शिल्लक आहेत, आणि दीड हजारातले पन्नास उष्मांकही. ते दुपारच्या वाफाळत्या वरणावर एक चमचा साजूक तूप सोडून खर्च करावेत. आणि ज्या दिवशी घरात दराबा येईल त्या दिवशी तुपाचा हा चमचा, दुपारचे केळे आणि चहातली साखर वगळून दराब्याचा एक लहानसा वाटा खुशाल खावा, ताळा जवळपास तोच राहतो.